गाडी ‘रिकॉल’मध्ये आहे का? इंजिनात आगीचा धोका असेल तर मालकाने काय करायचं, सविस्तर माहिती

कंपनीच्या गाडीत दोष निघाला, इंजिनाला आग लागण्याचा धोका आहे, म्हणून हजारो गाड्या परत बोलावल्या, अशी बातमी अधूनमधून येते. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. आपली गाडी त्यात असेल असं वाटत नाही. असली तर कंपनी फोन करेलच, असाही एक समज असतो.

गावाकडे नेमकी इथेच गफलत होते. कंपनीचा फोन जातो तो शोरूमच्या वहीत लिहिलेल्या नंबरवर. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतलेली असेल, तर तो फोन जुन्या मालकाला जाणार. पहिल्या मालकाने सिम बदललं असेल, तर कुणालाच जाणार नाही. म्हणून रिकॉलची चौकशी मालकाने स्वतः करायची असते. काम दहा मिनिटांचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

रिकॉल म्हणजे नेमकं काय?

एखाद्या ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमध्ये एकच दोष आढळला आणि त्यातून जिवाला धोका असेल, तर कंपनी त्या गाड्या सर्व्हिस सेंटरला बोलावते, तपासते आणि दोष असलेला भाग मोफत दुरुस्त करते किंवा बदलून देते. गाडी कायमची काढून घेत नाहीत. बहुतेक वेळा काम काही तासांत होतं आणि गाडी परत मिळते.

भारतात वाहन कंपन्यांच्या संघटनेने २०१२ पासून स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११० अ आलं. आता सरकारही कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सक्तीचा रिकॉल सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी असतो आणि त्यात कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बोनेटखाली आग लागते कशी?

- वायर घासणे : वायरिंग एखाद्या धारदार कडेला लागून गेलं असेल, तर गाडीच्या हादऱ्याने वरचं आवरण हळूहळू कापलं जातं. आतली तार उघडी पडून बॉडीला टेकली की शॉर्ट सर्किट होतं.
- इंधन गळणे : पेट्रोल किंवा डिझेलची नळी, तिचा जोड किंवा इंजेक्टर यातून गळती झाली आणि इंधन तापलेल्या भागावर पडलं की भडका उडतो.
- ऑइल गळणे : इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं किंवा ब्रेकचं ऑइल गरम एक्झॉस्टवर किंवा विजेच्या भागावर ठिबकलं तरी पेट घेऊ शकतं.

यातली बरीच कारणं बाहेरून दिसत नाहीत. गाडी नीट चालू होते, ॲव्हरेजही बरोबर मिळतं. त्यामुळे ‘माझ्या गाडीला काहीच त्रास नाही’ म्हणून रिकॉलकडे दुर्लक्ष करू नका.

आपल्या राज्यातलं उदाहरण

ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्रा कंपनीने एक्सयूव्ही ७०० या गाडीचा रिकॉल जाहीर केला. ही गाडी पुणे जिल्ह्यातल्या चाकणच्या कारखान्यात बनत होती. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १ लाख ८ हजार ३०६ गाड्यांमध्ये इंजिनाजवळचं वायरिंग घासून कापलं जाण्याची शक्यता होती, म्हणून ते तपासायचं ठरलं. तपासणी आणि दुरुस्ती मोफत ठेवली होती.

पिकअपवाल्यांसाठीही एक उदाहरण आहे. जुलै २०२१ मध्ये याच कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या २९ हजार ८७८ पिकअप गाड्या फ्लुइड पाइपच्या जोडणीत चूक असल्याच्या शंकेवरून तपासणीसाठी बोलावल्या होत्या. म्हणजे रिकॉल फक्त शहरातल्या महागड्या गाड्यांचा असतो, असं नाही. भाजीपाला आणि दुधाचे कॅन वाहणारी गाडीही त्यात असू शकते.

तुमची गाडी यादीत आहे का, असं तपासा

१. आरसी बुक काढा. त्यावरचा चेसिस नंबर पाहा. तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. ‘ओ’ वाटलं तर तो शून्य समजा.

२. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेनच्या पानावर हा नंबर टाका. जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुलाला सांगा किंवा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून चेसिस नंबर वाचून दाखवा.

३. तालुक्याला सर्व्हिस सेंटर असेल तर काउंटरवर एवढंच विचारा : ‘या चेसिस नंबरवर कुठला रिकॉल बाकी आहे का?’ कोणत्याही अधिकृत सेंटरला हे कॉम्प्युटरवर दिसतं. गाडी त्यांच्याकडूनच घेतलेली असायला हवी, असं नाही.

गाडीचं मॉडेल एकच असलं तरी शेजाऱ्याची गाडी यादीत आणि तुमची बाहेर, असं होऊ शकतं. कारण यादी बनवल्याच्या तारखेवरून ठरते. त्यामुळे अंदाजावर जाऊ नका.

सेकंड हँड गाडी असेल तर

रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही. तुम्ही तिसरे मालक असलात तरी दुरुस्ती मोफतच. वॉरंटी संपली आहे, सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजला केलं, अशी कारणं सांगून रिकॉलच्या कामाचे पैसे मागितले तर देऊ नका.

मात्र गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी ती आपल्या नावावर करून घ्या. ‘फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात, करू कधीतरी’ असं म्हणत वर्षं जातात. नाव ट्रान्स्फर झालं की आरटीओच्या नोंदीत आपला चालू मोबाईल नंबर आहे का ते बघा आणि तोच नंबर कंपनीकडेही नोंदवा. जुनी गाडी घेणार असाल तर व्यवहाराआधीच चेसिस नंबर तपासा.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर

- आधी फोन करून पार्ट आलाय का विचारा. नाहीतर पन्नास किलोमीटरचा हेलपाटा पडतो.
- जॉबकार्डवर ‘रिकॉल’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्या. नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं चालणार नाही.
- काम झाल्यावर काय तपासलं, काय बदललं याचा कागद घ्या आणि आरसीच्या झेरॉक्ससोबत जपून ठेवा. गाडी विकताना तो उपयोगी पडतो.
- पार्ट नाही म्हणून तारीख दिली तर तीही लेखी किंवा मेसेजवर घ्या. तोपर्यंत गाडी चालवायची की उभी ठेवायची, हे त्यांनाच स्पष्ट विचारा.
- पुढे काही महिन्यांनी चेसिस नंबर पुन्हा तपासा. एकाच गाडीवर दुसरा रिकॉलही येऊ शकतो.

काम होईपर्यंत ही काळजी घ्या

गाडी घराच्या पडवीत, गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा पाचटावर उभी करू नका. मोकळ्या जागेत, घरापासून लांब ठेवा. काही दोषांमध्ये गाडी बंद असतानाही आग लागू शकते. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर, इमारतीपासून दूर उभी करा, असं मालकांना सांगितलं होतं.

पेट्रोलचा किंवा रबर जळाल्याचा वास, बोनेटमधून धूर, गाडीखाली तेलाचे डाग, वारंवार उडणारा फ्यूज, यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार लावून काम भागवणं सर्वांत धोक्याचं. जादा लाइट, मोठा हॉर्न, साउंड सिस्टीम यांसाठी वायरिंग कापून जोड दिला असेल तर तेही दाखवून घ्या. उद्या काही झालं तर कंपनी पहिलं बोट त्याच जोडाकडे दाखवते.

चालत्या गाडीत धूर दिसला तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना लगेच खाली उतरवा. पिशव्या, माल यांच्यासाठी थांबू नका. लांब जाऊन ११२ किंवा अग्निशमनासाठी १०१ वर फोन करा. बोनेट उघडू नका. आत हवा शिरली की आग एकदम भडकते.

विम्याचंही लक्षात ठेवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर जळालेल्या स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, पोलिसांत नोंद करा, फोटो काढा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी हलवायची घाई करू नका.

कुणी दाद देत नसेल तर

आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठी वेगळी सोय आहे. तिथे मालकाला गाडीतल्या दोषाची तक्रार नोंदवता येते. एकाच दोषाच्या तक्रारी वाढल्या की चौकशी होते आणि रिकॉलचा आदेश निघू शकतो. म्हणून तक्रार एकट्याची असली तरी नोंदवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः पिकअप किंवा जीप चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे. ‘तुमची गाडी धंद्याची आहे’ असं कुणी म्हटलं म्हणून माघार घेऊ नका.

आज संध्याकाळी आरसी बुक काढा आणि चेसिस नंबर तपासा. गावात कुणी नुकतीच जुनी गाडी घेतली असेल, तर त्यालाही तपासायला सांगा. कंपनीचा फोन बहुतेक त्याच्याकडे जाणारच नाही.