पाहणी भिंतींची की माणसांची? : वृद्धसेवागृहांच्या तपासणीचा इतिहास

‘नर्सिंग होम’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एखादे प्रसूतिगृह किंवा ओळखीच्या डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय उभे राहते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र या शब्दाचा रूढ अर्थ निराळा आहे. ज्या वृद्धांना स्वतःच्या बळावर उठणे-बसणे, न्हाणे-जेवणे शक्य उरलेले नाही, त्यांचे अखेरचे निवासस्थान, असा तो अर्थ. अशा घराच्या चार भिंतींआड रात्री-अपरात्री काय घडते, हे बाहेरच्या माणसाला कळावे कसे? जो वृद्ध धडधाकट आहे तो तक्रार करू शकतो. ज्याची वाचा गेली, स्मृती गेली, किंवा ज्याला भेटावयास कोणी येत नाही, त्याच्या वतीने पाहणारा कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पाश्चात्त्य समाजाची दीडशेहून अधिक वर्षे खर्ची पडली. आपल्याकडेही अलीकडे अनेक सार्वजनिक न्यास वृद्धाश्रम चालवू लागले आहेत. म्हणून हा इतिहास सुज्ञ वाचकांसमोर मांडावासा वाटतो.

इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला आणि निराधारांना ‘वर्कहाउस’मध्ये, म्हणजे श्रमगृहात, ठेवण्याची पद्धत देशभर रूढ झाली. ही गृहे मुळात धडधाकट माणसाने आळस करू नये या हेतूने उभारलेली. प्रत्यक्षात त्यांत वृद्ध, अपंग आणि आजारी माणसेच मोठ्या संख्येने येऊन पडली. तपासणीची व्यवस्था पहिल्यापासून होती. लंडनमध्ये मध्यवर्ती आयोग, जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडणारे त्याचे सहायक आयुक्त आणि ठिकठिकाणी पालकमंडळे. कागदोपत्री काहीही उणे नव्हते. तरीही १८४५ साली अँडोव्हर येथील श्रमगृहात खतासाठी जनावरांची हाडे कुटण्याच्या कामावर लावलेली माणसे भुकेपोटी त्याच हाडांना चिकटलेले कुजके मांस आणि आतील मगज खात असल्याचे उघडकीस आले. हे उघड झाले ते तपासणी अधिकाऱ्याच्या अहवालातून नव्हे. पालकमंडळातील एका सभासदाला ते सहन झाले नाही आणि पुढे टॉमस वॅक्ली या खासदारांनी तो विषय संसदेत नेला. परिणामी १८४७ मध्ये तो मध्यवर्ती आयोगच बरखास्त करण्यात आला.

हे वॅक्ली म्हणजे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संस्थापक. त्यांच्या निधनानंतर याच साप्ताहिकाने पुढचे मोठे पाऊल उचलले, पण तत्पूर्वी एका महिलेचा उल्लेख केला पाहिजे. लुईझा ट्वायनिंग या प्रसिद्ध चहाव्यापारी घराण्यातील कन्या. १८५३ साली त्या आपल्या ओळखीच्या एका वृद्ध दाईला भेटावयास लंडनच्या स्ट्रँड श्रमगृहात गेल्या. तेथील एकाकीपणा पाहून, काही महिलांना नियमितपणे येऊन या लोकांजवळ बसू द्यावे, एवढीच विनंती त्यांनी केली. ती नाकारण्यात आली! देणगी नको, अधिकार नको, केवळ भेटीची मुभा मागितली असता संस्थाचालकांना तीही अडचणीची वाटावी, यात बरेच काही आले. ट्वायनिंगबाईंनी चिकाटी सोडली नाही. १८५८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने श्रमगृह-भेट मंडळ स्थापन झाले आणि बाहेरच्या माणसाच्या डोळ्याला त्या दाराआड प्रथमच रीतसर प्रवेश मिळाला.

१८६४ च्या अखेरीस टिमथी डेली नावाचा एक आयरिश मजूर, होबर्न येथील श्रमगृहातून रुग्णालयात हलविल्यानंतर, मरण पावला. अंथरुणावर पडून पडून त्याच्या अंगाला खोल जखमा झाल्या होत्या. वैद्यकात ज्यास शय्याव्रण म्हणतात, त्या या जखमा. लोकक्षोभ उसळला. १८६५ साली ‘लॅन्सेट’ने अर्नेस्ट हार्ट, फ्रान्सिस ॲन्स्टी आणि विल्यम कार या तीन डॉक्टरांकडून लंडनमधील श्रमगृहांच्या रुग्णकक्षांची पाहणी करविली. सरकारी निरीक्षक जेथे खाटा मोजीत होते, तेथे या डॉक्टरांनी विचारले की रात्री या कक्षात जागे कोण असते? रुग्णाला पाणी कोण देते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होते. शुश्रूषा करणारी माणसे स्वतःच तेथील निराधार रहिवासी होती, कित्येक म्हातारी, कित्येक अक्षरशत्रू. त्यांना औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीही वाचता येत नसे. या पाहणीतून जे आंदोलन उभे राहिले त्यामुळे १८६७ चा कायदा झाला आणि राजधानीत गरिबांसाठी स्वतंत्र रुग्णालये उभी राहू लागली. शय्याव्रण हा मात्र तेव्हापासून आजतागायत निरीक्षकाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार राहिला आहे. नोंदवही खोटी लिहिता येते. पाठीवरची जखम खोटी लिहिता येत नाही.

पुढील सुमारे ऐंशी वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. १९२७ मध्ये खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी व तपासणी करणारा कायदा इंग्लंडात झाला. ५ जुलै १९४८ पासून श्रमगृहांची जुनी व्यवस्था कायद्याने संपुष्टात आली आणि वृद्धांसाठी निवासगृहे चालविण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर आले. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांची कल्पना अशी की, यापुढे वृद्ध हा हॉटेलातील पाहुण्यासारखा राहील आणि व्यवस्थापक हॉटेलचालकासारखा वागेल.

ती कल्पना प्रत्यक्षात किती उतरली, हे पाहण्याचे काम पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने हाती घेतले. इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना त्यांनी भेटी दिल्या. एवढ्यावर न थांबता, एका जुन्या श्रमगृहाच्या इमारतीत त्यांनी काही दिवस परिचारक म्हणून काम केले आणि वृद्धांना आपल्या हातांनी स्नान घातले. ज्याने न्हाऊ घातले त्याला जे कळते ते कार्यालयात बसून वही चाळणाऱ्यास कळत नाही, हे आपल्या घरातील म्हाताऱ्यांची सेवा केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यांचा ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. पाटी बदलली होती, इमारती मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच होत्या. खाटांच्या लांबच लांब रांगा, वस्तू ठेवावयास स्वतःची जागा नाही, दिवसभर भिंतीकडेला मांडलेल्या खुर्च्यांवर मूकपणे बसलेली माणसे. टाउनसेंड यांनी संस्थेची गुणवत्ता मोजण्याचे एक कोष्टकही तयार केले. त्यात इमारत व सेवकवर्ग यांच्याबरोबरच दैनंदिन जीवनातील स्वातंत्र्यालाही गुण होते. आपल्या इच्छेने उठता येते काय, बाहेर जाता येते काय, या गोष्टी मोजावयाच्या असतात, हा विचार त्या काळी नवा होता.

याच सुमारास बार्बरा रॉब यांनी एका परिचित वृद्धेची लंडनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात भेट घेतली आणि त्या हादरून गेल्या. तेथील वृद्ध स्त्रियांचे चष्मे, कवळ्या, श्रवणयंत्रे काढून घेतली जात होती. हरवू नयेत, गोंधळ होऊ नये, ही सबब. चष्मा गेला की दिसत नाही, कवळी गेली की चावता येत नाही आणि श्रवणयंत्र गेले की मनुष्य बोलेनासा होतो. मग तो भ्रमिष्ट आहे असे लिहून टाकणे फारच सोपे! रॉब यांचे ‘सान्स एव्हरीथिंग’ हे पुस्तक १९६७ मध्ये निघाले. सरकारी चौकश्यांनी त्यातील आरोप बव्हंशी निराधार ठरविले. पण १९६९ मध्ये वेल्समधील इली रुग्णालयाविषयी जेफ्री हाउ यांच्या समितीचा अहवाल आला आणि दीर्घकाळ ठेवलेल्या रुग्णांच्या कक्षांतून काय चालते याविषयी शंका उरली नाही. त्याच वर्षी अशा रुग्णालयांना भेटी देणारी स्वतंत्र सल्लागार सेवा स्थापन झाली.

आता थोडे अमेरिकेकडे वळू. तेथे १९६५ मध्ये वृद्ध व गरीब यांच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलावयास आरंभ केला आणि शुश्रूषागृहांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. पैसा सरकारचा, म्हणून तपासणीही सरकारची. परंतु १९७५ साली कोलोराडो राज्यातील काही रहिवाशांच्या वतीने एक दावा दाखल झाला. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारी निरीक्षक येतात, स्वयंपाकघर पाहतात, नियमावली पाहतात, कर्मचाऱ्यांची यादी पाहतात. म्हणजे ही संस्था चांगली सेवा देऊ शकेल काय, एवढेच ते तपासतात. ती सेवा खाटेवरील माणसापर्यंत पोहोचते काय, हे कोणी पाहातच नाही. ‘स्मिथ विरुद्ध हेक्लर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९८४ मध्ये अपील न्यायालयाने रहिवाशांची बाजू उचलून धरली. सेवा प्रत्यक्षात मिळते की नाही हे जाणून घेणे सरकारचे कर्तव्यच आहे, असा निर्णय झाला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा निवाडा होय.

त्यानंतर १९८६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या अभ्यासगटाने आपला अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरात सुधारणा कायदा संमत झाला. त्यायोगे तपासणीची रीतच पालटली. निरीक्षकांनी पूर्वसूचना न देता यावयाचे, दोन भेटींत १५ महिन्यांहून अधिक अंतर पडू द्यावयाचे नाही आणि भेटीची आगाऊ वर्दी देणाऱ्यास दंड! निरीक्षक रहिवाशांशी एकान्तात बोलतात, जेवणाच्या वेळी पंक्तीपाशी उभे राहतात, वजन घटलेल्यांची नावे काढतात. औषध देणाऱ्या परिचारिकेबरोबर चालत किमान २५ मात्रा दिल्या जात असताना ते स्वतः पाहतात. त्यांत चुकांचे प्रमाण पाच टक्के वा अधिक निघाले तर तो दोष समजला जातो. पडू नये म्हणून वृद्धाला खुर्चीला वा खाटेला बांधून ठेवण्याचा प्रघात तेथे सर्रास होता. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही बांधता येणार नाही, असे कायद्याने ठरले आणि पुढील काळात तो प्रघात मोठ्या प्रमाणावर मोडला.

तेथील एक गोष्ट विश्वस्त-मंडळींना विशेष रुचावी. २००८ च्या अखेरीपासून अमेरिकन सरकार प्रत्येक गृहाला एक ते पाच तारे देऊन ती यादी जाहीर करू लागले. सेवकसंख्येचे तारे मात्र अनेक वर्षे संस्थेने स्वतः दिलेल्या माहितीवर ठरत. २०१८ पासून त्यासाठी पगारपत्रकाचा आधार घेण्यात आला. आणि कित्येक ठिकाणी शनिवार-रविवारी कामावर हात फारच कमी असतात, हे आकड्यांतच दिसून आले.

इंग्लंडातही विचार याच दिशेने चालला होता. १९८९ साली समाजसेवा निरीक्षणालयाने एका पुस्तिकेत चांगल्या गृहाची कसोटी म्हणून सहा शब्द दिले: खासगीपण, प्रतिष्ठा, स्वावलंबन, निवड, हक्क आणि समाधान. २००० च्या कायद्यान्वये वृद्धगृहांसाठी ३८ किमान मानके ठरली. मात्र खोलीच्या क्षेत्रफळावरून चालकांनी एवढा गिल्ला केला की जुन्या गृहांपुरते ते नियम लवकरच शिथिल झाले. पुन्हा भिंतींचाच वाद! २००९ पासून हे काम केअर क्वालिटी कमिशनकडे आहे. घर सुरक्षित आहे काय, उपाय लागू पडतात काय, वागणूक मायेची आहे काय, गरजेप्रमाणे सेवा बदलते काय आणि कारभार चांगला आहे काय, हे पाच प्रश्न ते विचारते आणि चारांपैकी एक श्रेणी देते. अशा सेवेचा स्वतः अनुभव घेतलेल्या सामान्य नागरिकांनाही निरीक्षकांबरोबर नेले जाते. ट्वायनिंगबाईंची विनंती अशा रीतीने दीडशे वर्षांनी सरकारी पद्धतीचाच भाग बनली.

येथे कथा सुखान्त झाली असती तर बरे वाटले असते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे दोन्ही देशांत नियमित तपासण्या थांबल्या आणि नातलगांनाही दारे बंद झाली. पाहणारा एकही डोळा आत नसताना हजारो वृद्ध या गृहांत मृत्यू पावले. पुढे २०२४ साली डॉ. पेनी डॅश यांनी त्या कमिशनचाच आढावा घेतला तेव्हा तपासण्यांची संख्या पूर्वीहून पुष्कळ घटलेली, श्रेणी वर्षानुवर्षे जुन्या आणि काही संस्थांना श्रेणीच दिलेली नाही, असे आढळले. तपासणाऱ्याची तपासणी करण्याची वेळ आली.

आपल्याकडील परिस्थिती पाहू. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ साली झाला. त्यातील शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलतेचाही उल्लेख आहे, अगदी १९२७ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणेच. परंतु व्यवहारात तो कायदा रुग्णालये व प्रसूतिगृहे यांच्यापुरताच ओळखला गेला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या केंद्रीय कायद्यातील कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याविषयी बोलते. तेथील सेवांची मानके ठरविण्याचा विषयही त्यात आहे. मात्र वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’, अशी त्याची भाषा आहे, ‘करील’ अशी नव्हे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली न्यासांचे हिशेब दरवर्षी लेखापरीक्षक तपासतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे अहवाल जातो. धान्याच्या पोत्यापासून पंख्याच्या दुरुस्तीपर्यंत प्रत्येक रुपयाची पावती फाइलला लागलेली असते. अंथरुणास खिळलेल्या आजीबाईंची कूस दर दोन तासांनी बदलली की नाही, याचे व्हाउचर त्या फाइलमध्ये नसते.

बहुतेक वृद्धाश्रमांच्या कार्यालयात एक अभिप्रायवही असते. वाढदिवसानिमित्त वा पुण्यतिथीनिमित्त भोजन देण्यासाठी आलेली मंडळी, आधी दूरध्वनी करून ठरविलेल्या वेळी येतात, सभागृहात फळे वाटतात, छायाचित्र काढतात आणि ‘व्यवस्था उत्तम आहे’ असे लिहून सही करतात. आतल्या खोल्यांपर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही, कारण तोवर वृद्धांची दुपारची विश्रांती सुरू झालेली असते.