मुंबईतले घरांचे दलाल
मुंबईत घरांच्या दलालीला बळ मिळाले ते भाडे नियंत्रणामुळे. १९४७च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली आणि चाळीतल्या खोल्या पागडीवर, म्हणजे भाड्यापलीकडे एकरकमी रक्कम घेऊन, हातोहात फिरू लागल्या. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, आत पोटभाडेकरू आहे का, मालक पावती बदलून देईल का, हे जाणणारा प्रामाणिक दलालच तेव्हा गरजूचा खरा आधार होता. पागडी बेकायदा असल्याने फसलेल्याला दाद मागणेही कठीण जाई. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली. पुढे स्थावर मालमत्ता क्षेत्राचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्यानुसार २०१७पासून नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालांना महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची झाली. २०२३मध्ये त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. घर घेणाऱ्याने व्यवहाराआधी दलालाचा नोंदणी क्रमांक जरूर तपासावा.