जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

वऱ्हाडांत अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या वाटेवर मूर्तिजापूर लागतें. यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंकडील अरुंद रुळांच्या गाड्या जेथें मुख्य लोहमार्गास येऊन मिळत, तें हें गांव. या ‘शकुंतला’ गाडीचें वाफेचें इंजिन 1921 सालीं मँचेस्टर येथें तयार झालें, 1923 सालीं कामावर रुजू झालें आणि 1994 च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढीत राहिलें. सत्तर वर्षें एक यंत्र चाललें, हें घडविणाऱ्याच्या कौशल्याइतकेंच दुरुस्त करणाऱ्याच्या चिकाटीचें फळ होय.

याच मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा गांवीं 1946 सालीं विजय भटकर यांचा जन्म झाला. त्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रानें 1991 सालीं ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध केला. एकाच तालुक्याच्या इतिहासांत वाफेचें इंजिन आणि महासंगणक असे शेजारीं शेजारीं येतात. परंतु दोन्ही जातींच्या यंत्रांच्या आयुर्मानांत केवढें अंतर! इंजिन सत्तर वर्षें चालतें. घरांतील संगणक दहा वर्षांत माळ्यावर जातो आणि पुढें भंगारवाल्याच्या तराजूंत पडतो. त्याला पुन्हां उठवावें काय, आणि कशासाठीं, हा प्रश्न वरवर पोरखेळाचा वाटला तरी इतिहासाचा आहे.

घरगुती संगणकाची कथा फार जुनी नाहीं. 1982 च्या एप्रिलमध्यें इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारांत आणला. 1984 सालीं सुधारलेल्या कळफलकाचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ आला. त्याच सुमारास भारत सरकारनें ‘क्लास’ योजनेखालीं निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यास आरंभ केला. पुढें पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनें परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. त्याची स्मृति अवघी 48 किलोबाइट. पडदा म्हणजे घरचाच टेलिव्हिजन. आणि वही म्हणजे गाणीं ऐकण्याची कॅसेट. एखादा मोठा खेळ कॅसेटवरून यंत्रांत उतरण्यास पांच मिनिटें लागत. 1990 नंतर नवीं यंत्रें आलीं आणि हीं मागें पडलीं.

अशा यंत्रास वार्धक्य कसें येतें, तें पाहण्यासारखें आहे. अकोल्यास वैशाखांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूंच नये. त्या तापानें कपॅसिटरमधील द्रव सुकतो. कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा कडक होऊन त्याची पट्टी चिरते. मग कळ दाबली तरी अक्षर उमटत नाहीं. परंतु पुष्कळदां मरण येतें तें उष्म्यानें नव्हे, घाईनें. स्पेक्ट्रमला वीज देणाऱ्या पिनेचा मधला भाग ऋण व बाहेरचा धन असतो. आजच्या बहुतेक ॲडॉप्टरांत याच्या उलट. हातीं लागेल तो ॲडॉप्टर जोडणारा उत्साही माणूस वांचणाऱ्या यंत्राचाच जीव घेतो.

जाणता कारागीर म्हणूनच प्रथम ॲडॉप्टर तपासतो, सुकलेले कपॅसिटर बदलतो, आणि मग मल्टिमीटरनें दाब मोजतो. स्पेक्ट्रमच्या स्मृतीच्या पहिल्या 16 किलोबाइटांसाठीं आठ चिपा असतात. त्यांना अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5 असे तीन निरनिराळे व्होल्ट लागतात. यांतील उणे 5 नाहींसा झाला कीं चिपा जळूं लागतात आणि पडद्यावर अक्षरांऐवजीं नुसत्या रंगीत चौकटी दिसतात. अशा वेळीं मूळ दोष न शोधतां नव्या चिपा बसविल्या तर त्याही जळतात. वैद्यकांतला नियम येथेंही खरा: लक्षणावर नव्हे, रोगावर उपचार करावा. दाब ठीक झाला, मेलेली चिप काढून तेथें नवी डाखली, कीं पांढऱ्या पडद्याच्या तळाशीं 1982 हें साल उमटतें.

पण यंत्र पुरतें बरें झालें हें ओळखावें कसें? येथेंच खेळाचें महत्त्व कळतें. खेळांत कळ, स्मृति, चित्र व ध्वनि यांची एकदमच परीक्षा होते. 1962 सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेंतील तरुणांनीं ‘पीडीपी-1’ या संगणकासाठीं ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला, तेव्हां यंत्राच्या निर्मात्यांनींही त्याचा उपयोग तपासणीसाठीं केला. पुढें कॅलिफोर्नियांतील संगणक इतिहास संग्रहालयानें तशा एका बंद पडलेल्या यंत्राचा जीर्णोद्धार केला, आणि त्यावर पुन्हां तोच खेळ खेळला गेला.

जीर्णोद्धाराचे मार्ग मात्र दोन आहेत. कोणी जुनें कवच ठेवून आंत आजचा इवलासा संगणक बसवितात. खेळ चालतात, पण यंत्र गेलेलें असतें. दुसरे मूळ पाटी राखून केवळ कॅसेटच्या जागीं मेमरी कार्ड जोडतात. तें काढलें कीं यंत्र पूर्ववत्. देवळाचा जीर्णोद्धार करतांना जुना चिरा फेकून देऊं नये, हा विवेक येथेंही शोभतो. त्याहून निकडीची गोष्ट कॅसेटींची. यंत्राचा भाग पुन्हां मिळूं शकेल; पण एखाद्या मुलानें स्वतः लिहून फितीवर ठेवलेला कार्यक्रम फितीबरोबरच नाहींसा होतो. म्हणून तिची नक्कल आधीं, दुरुस्ती मागाहून.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या मार्गदर्शनाखालीं भारतीय हातांनीं घडलेला ‘टिफ्रॅक’ संगणक 1960 सालीं कामास लागला आणि 1965 पर्यंत वापरांत होता. आज त्याची माहिती ग्रंथांत मिळते. पण त्यावर एखादें गणित मांडून पाहावें, तर चालतें यंत्र नाहीं. पुस्तकांतील संगणक आणि चालता संगणक यांत चित्रांतल्या दिव्याइतकें आणि पेटत्या दिव्याइतकें अंतर आहे. माळ्यावरची पेटी भंगारवाल्यास देण्यापूर्वीं प्रत्येक घरानें एवढें स्मरावें.