‘भांडखोर’ शब्दात दडलेला पीएचडीचा विषय

फेलोशिपची जाहिरात आली की आपली धावपळ सुरू होते ती कागदपत्रांची. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, मार्कशीट. आणि प्रपोजल? ते शेवटच्या दोन रात्रींत! मग शीर्षक ठरतं : ‘मराठीवरील फारसीचा प्रभाव : एक अभ्यास’. हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. ऐतिहासिक भाषाविज्ञान आणि भाषासंपर्क यांत काम करायचं असेल तर प्रश्न कसा शोधायचा, ते आज आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणावरून बघू.

आधी दोन तारखा लक्षात ठेवा. ज्ञानेश्वरी १२९० ची. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी १२९६ ची. म्हणजे आपल्याकडे संपर्काच्या ‘आधीची’ मराठी आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे, दौलताबादला आणली. दिल्लीकडची माणसं आली, त्यांची बोली आली. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. आधी-नंतरची इतकी स्पष्ट रेषा फार थोड्या भाषांना मिळते.

पण घाई करू नका. ज्ञानेश्वरी १२९० ची असली तरी आपल्या हातातल्या पोथ्या नंतरच्या आहेत. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. त्यामुळे जुन्या ग्रंथात एखादा शब्द सापडला, तर तो ग्रंथकाराचा की नकलकाराचा, हे आधी विचारायचं.

याच एकनाथांनी ‘अर्जदस्त’ लिहिलं, दरबारी अर्जाचं रूप घेऊन आणि फारसी शब्द वापरून. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर कारभारी होते. बघा, एकच माणूस एका हाताने जुनी मराठी जपतो आणि दुसऱ्या हाताने दफ्तराची भाषा भक्तीसाठी वापरतो. ‘मराठीवर प्रभाव पडला’ असं सरसकट वाक्य इथे टिकत नाही. कुणाच्या मराठीवर, कुठल्या प्रसंगी, हे सांगावं लागतं.

आता शब्दांकडे येऊ. ‘जमीनदार’मधला ‘दार’ फारसी आहे, म्हणजे बाळगणारा. ‘घरदार’मधला ‘दार’ मात्र संस्कृत ‘द्वार’पासून आलेला. दिसायला एक, कुळं दोन. नुसत्या दिसण्यावर याद्या केल्या की हीच फसगत होते.

‘भांडखोर’ बघा. ‘भांड’ आपलं, ‘खोर’ फारसी. ‘बेभरवशाचा’मध्ये ‘बे’ फारसी, ‘भरवसा’ देशी. हे शब्द कुणी फारसीतून आयते उचलले नाहीत, मराठी माणसाने घरी घडवले. आयता शब्द एकदा ऐकूनही येऊ शकतो. प्रत्यय सुटा होऊन देशी शब्दाला लागायचा, तर तसे शब्द खूप आणि वर्षानुवर्षं कानावर पडावे लागतात. म्हणून किती फारसी शब्द आले ही मोजणी अपुरी आहे. फारसी प्रत्यय देशी शब्दाला कधीपासून लागू लागले, हा खरा प्रश्न. तो तारीखवार मोडी कागदांवर तपासता येतो.

उलटी वाटही आहे. दखनीतला ‘नक्को’ मराठी ‘नको’वरून आला आणि ‘उसीच’मधला ‘च’ही मराठीचाच. शहागंजात दहा मिनिटं उभे राहा, ऐकू येईल. फारसी दफ्तरातून आली, दखनी बाजारातून आणि शेजारातून. म्हणून दोघींचा मराठीशी झालेला व्यवहार वेगळा. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा लेख जरूर वाचा. तिथे मराठी, कन्नड, उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना जवळजवळ एक झाली. मराठवाड्यात तसं झालं का? हा दुसरा प्रश्न.

तिसरा प्रश्न राजव्यवहारकोशाचा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी शेकडो फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. अमात्य, सचिव आले. तरी पुढे राज्य चालवलं ते ‘पेशव्यांनी’, म्हणजे फारसी नावाच्या पदाने. आज्ञेने बदललेले कुठले शब्द टिकले, कुठले नाही, आणि का?

आता पैशांचं. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० (हे दर २०२३ पासूनचे), शिवाय घरभाडं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या गटासाठी फेलोशिप देतात. अटी बदलतात, म्हणून चालू वर्षाची मूळ जाहिरातच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड नव्हे. भाषाविज्ञानासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच, पण मराठी, उर्दू किंवा इतिहास विभागातूनही हा विषय घेता येतो.

फेलोशिपची वर्षं मोजकी असतात. पहिलं वर्ष मोडी आणि फारसी लिपी शिकण्यात गेलं, तर मुख्य कामाला वेळ उरत नाही. म्हणून लिपी आत्ताच शिका, अर्जाच्या आधी. आणि प्रपोजलमध्ये तीनच गोष्टी नीट लिहा : प्रश्न कोणता, कागद कुठले, आणि काय सापडलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. तिसरं लिहिता आलं, की समजा विषय मिळाला.