माळ म्हणजे पडीक नव्हे

आमच्या जालन्याकडं उघड्या माळाला सर्रास ‘पडीक’ म्हणतात. लहानपणी मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पडीक म्हणजे बिनकामाची जागा. तिथं झाडं लावा, नाहीतर प्लॉट पाडा! या एका शब्दाची किंमत किती, हे मला नान्नजच्या माळावर कळलं.

नान्नज सोलापूर शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर. १९७२च्या दुष्काळाच्या सुमाराला सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोक पक्ष्याकडं लक्ष वेधलं. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याला दूरवर नजर पोचेल असा गवताळ माळच लागतो. दाट झाडी वाढली, की त्याचं घर मोडलंच.

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! दोन वर्षांनी, १९८१मध्ये, आपला जालना जिल्हा झाला, तो सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याहून मोठं अभयारण्य, आणि त्याच्या पोटात गावं, शेतं, बाजारपेठा. खरी राखलेली कुरणं मात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. जमिनीचे व्यवहार आणि विकासाची कामं अडू लागली, तसा लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. अखेर सुमारे तीन दशकांनी हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

तोवर माळाचं रूप पालटलं होतं. उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस वाढला. कुरणातही चांगल्या हेतूनं गिरिपुष्प लावलं गेलं. पुढं माळढोकासाठी तेच काढायची वेळ आली. आज निसर्गात सुमारे दीडशेच माळढोक उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला त्याचं दर्शन दुर्मिळ झालं आहे.

मग सगळं वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. राखलेल्या कुरणात मी काळविटांचे कळप पाहिले. लांडगाही त्याच गवताच्या आधारानं टिकून आहे. नकाशावरच्या मोठ्या रेघेनं जे साधलं नाही, ते राखलेल्या लहान तुकड्यांनी थोडंफार साधलं.

माझे आजोबा गावाबाहेरचं कुरण पावसाळाभर बंद ठेवत. पवन्या, मारवेल पिकून बी जमिनीवर पडलं, की मगच विळा लागे. त्यानंतर मेंढपाळांनाही वाट मोकळी होई. गवतही राही आणि माणसंही दुखावत नसत. अभयारण्य हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

शहरं वाढताहेत, त्यांच्या कडेची गायरानं सगळ्यांत आधी जाणार. ती राखायची, तर सुरुवात कुंपणापासून नको. मेंढपाळाला आणि शेतकऱ्याला सोबत घेऊन बसावं लागेल. आणि त्याआधी, आपल्या तोंडातला तो ‘पडीक’ शब्द काढून टाकावा लागेल.