१८०४चा डॉलर

अमेरिकेचे चांदीचे नाणे. ज्ञात नग १६. यांतला एकही १८०४ साली पाडलेला नाही, म्हणूनच नाण्यावरचे साल हा त्याच्या वयाचा पुरावा मानता येत नाही, हे शिकायला याहून चांगले उदाहरण नाही. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या दप्तरात १८०४मध्ये १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे. मात्र ठसे झिजेपर्यंत वापरण्याची तेव्हाची रीत पाहता त्यांवर १८०३ किंवा त्याआधीचे साल असणार. नंतर सुमारे तीस वर्षे डॉलर पाडलेच गेले नाहीत. १८३४मध्ये आशियातील राजांना नजर करण्यासाठी अमेरिकी नाण्यांचे संच तयार करण्याचा हुकूम सुटला; अमेरिकी दूत एडमंड रॉबर्ट्स यांनी त्यांतले संच मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला पोचवले. डॉलरशिवाय संच अपुरा, आणि दप्तरातले डॉलरचे शेवटचे साल १८०४. तेच ठशावर कोरले गेले.

एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांनी १९६२च्या ग्रंथात हा उलगडा मांडला. त्यांचा आधार कागदपत्रांइतकाच घडणीचा होता. त्या काळातल्या खऱ्या डॉलरच्या किनारीला लांबट दाते असतात. इथे उंच काठाच्या आत मण्यांसारखी नेटकी नक्षी आहे, जी नाणे पोलादी कड्यात दाबण्याची पद्धत आल्यानंतरची. कडेवरची अक्षरे चकतीवर आधी उमटवलेली असल्याने त्या दाबाखाली चेपली आहेत. १८००च्या आसपासच्या डॉलरवरील आकडा खोडून १८०४ करणारे नकलाकारही याच किनारीमुळे पकडले जातात, कारण आकडा बदलता येतो, दाते तसेच राहतात.

टांकसाळीने सरकारी हुकमानेच पाडले, मग यांना अस्सल का म्हणू नये, हा आक्षेप रास्त आहे. १८३४च्या हुकमानुसार पाडलेल्या, म्हणजे पहिल्या वर्गातील, आठ नगांबाबत तो मान्य करावा लागतो. पण तोच निकष पुढे नेला की पंचाईत होते. दुसऱ्या वर्गाचा एकमेव नग बर्नच्या १८५७च्या स्विस नाण्यावर ठसा मारून बनवलेला आहे. खालच्या नाण्याच्या खुणा त्यावर दिसतात. तिसऱ्या वर्गातील सात नगांची कडेवरची अक्षरे नाणे पाडून झाल्यावर उमटवलेली आहेत. हेही टांकसाळीतच तयार झाले, पण बहुधा १८५८नंतर कर्मचाऱ्यांनी परस्पर. नेमके कोणी, याबद्दल मतभेद आहेत. ठसे, धातू आणि इमारत सरकारी असूनही हुकूम नव्हता. तेव्हा जागा नव्हे, अधिकार हा निकष धरावा लागतो. संग्राहक मात्र सोळाही नग एकाच नावाखाली घेतात, आणि बाजाराने हा प्रश्न वर्गवार किमतीवर सोडवला आहे.

प्रतवारी : विल्यम शेल्डन यांची १९४९ची १ ते ७० गुणांची श्रेणी, जी मुळात मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी होती.

किंमत : मस्कतच्या सुलतानाकडचा मानला जाणारा नग १९९९मध्ये ४१.४ लाख डॉलरना, २०२१मध्ये ७६.८ लाख डॉलरना विकला गेला.