खोळंब्याचा हिशेब : गँट तक्त्याची जडणघडण

मोठ्या कामाचे वेळापत्रक मांडण्यासाठी आज जो तक्ता सर्रास वापरला जातो, त्यात डावीकडे कामांची यादी, वरच्या बाजूला दिवस, आठवडे किंवा महिने आणि प्रत्येक कामासमोर ते कधी सुरू होऊन कधी संपायचे हे दाखवणारी आडवी पट्टी असते. बांधकामाच्या क्षेत्रात त्याला 'बार चार्ट' म्हणतात, तर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हेन्री लॉरेन्स गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावावरून तो 'गँट चार्ट' म्हणून ओळखला जातो. पुढे काय करायचे हे सांगणारे नियोजनाचे साधन, असाच या तक्त्याचा आता समज आहे. परंतु त्याचा उगम पाहिला तर तो आधी झालेल्या कामाची, आणि त्याहूनही अधिक न झालेल्या कामाची नोंद होता, व त्या नोंदीतून खोळंब्याची जबाबदारी कोणावर येते हे उघड करणे हाच त्याच्या कर्त्याचा मुख्य हेतू होता.

काळाची लांबी रेषेच्या लांबीने दाखवण्याची युक्ती मात्र गँटची नव्हे. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली याने 1765 साली थोरामोठ्यांच्या आयुष्यांचा एक तक्ता छापला होता व त्यात प्रत्येकाचे आयुष्य जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या आडव्या रेषेने दाखवले होते. ही रेषा कारखान्यात शिरायला त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, कारण कामाचा वेळ मोजून त्याची आगाऊ वाटणी करता येते, ही कल्पनाच कारखानदारीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागली.

गँटचा जन्म 1861 साली मेरीलँड राज्यातील एका मळेवाल्या कुटुंबात झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या यादवी युद्धाने त्या कुटुंबाची समृद्धी संपुष्टात आणली. शिक्षण पुरे करून, काही काळ शिक्षकी करून आणि यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो 1887 साली फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टील कारखान्यात रुजू झाला, आणि तेथे त्याची गाठ फ्रेडरिक टेलरशी पडली. प्रत्येक कामाचे घटक पाडून, ते घड्याळ लावून मोजून, त्यावरून कामगाराचे रोजचे काम ठरवून देणारी जी पद्धत पुढे 'शास्त्रीय व्यवस्थापन' म्हणून गाजली, तिचा टेलर हा प्रवर्तक होता, आणि गँटने बेथलेहेम स्टीलपर्यंत त्याची साथ केली. तथापि, दोघांची प्रकृती निराळी होती. टेलरच्या वेतनपद्धतीत ठरलेले काम पुरे न करणाऱ्याला प्रत्येक नगामागे कमी दर मिळे. गँटने 1901 साली बेथलेहेममध्ये जी पद्धत सुरू केली तीत रोजची मजुरी कामगाराला काही झाले तरी मिळत असे, नेमून दिलेले काम वेळेत पुरे झाले तर वर बोनस मिळत असे आणि हाताखालच्या माणसांनी बोनस मिळवला तर त्यांच्या फोरमनलाही त्याचा वाटा मिळत असे. या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व मोठे आहे, कारण तिच्यामुळे माणसांना हाकण्यापेक्षा त्यांना काम शिकवणे आणि त्यांची अडचण दूर करणे हे फोरमनच्या हिताचे ठरले.

बोनसची ही पद्धत चालवायची तर प्रत्येक कामगाराची रोजची नोंद हवी, आणि गँटच्या आरंभीच्या तक्त्यांचा जन्म या गरजेतून झाला. त्याच्या 1910 सालच्या पुस्तकात जे बोनसचे तक्ते छापले आहेत त्यांत प्रत्येक कामगारासमोर दिवसागणिक घर आहे; ज्या दिवशी त्याने बोनस मिळवला त्या दिवशी काळी खूण, ज्या दिवशी हुकला त्या दिवशी लाल. तत्पूर्वी, 1903 साली, अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने उत्पादनाच्या दैनिक ताळेबंदाविषयी निबंध वाचला होता. त्यातील तक्त्यांत आडव्या पट्ट्या नव्हत्या, आकडे होते : मागणीतल्या प्रत्येक सुट्या भागाचे किती नग हवेत, आज किती झाले आणि आजवर एकूण किती झाले. जमाखर्चात जशी रोजची शिल्लक काढतात तशी उरलेल्या कामाची शिल्लक काढावी, म्हणजे कोणता भाग मागे पडल्याने सगळे यंत्र अडून राहणार हे त्याच दिवशी कळेल, असा त्याचा युक्तिवाद होता.

1915 साली त्याच संस्थेपुढे मांडलेल्या आणखी एका निबंधाने या नोंदींना धार आणली. कारखान्याची निम्मी यंत्रे बंद असताना त्यांचे भाडे, व्याज आणि घसारा चालू यंत्रांवर निघालेल्या मालाच्या किमतीत मिसळण्याचा हिशेबनिसांचा रिवाज त्याने चुकीचा ठरवला. मालाची किंमत म्हणजे तो माल करायला प्रत्यक्ष लागलेला खर्च. बंद यंत्राचा खर्च हा मालाचा नव्हे, तो व्यवस्थापनाचा तोटा आहे आणि तो वेगळा दाखवलाच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. म्हणूनच त्याच्या यंत्रांच्या तक्त्यात चालू वेळेची रेषा ओढून काम संपत नसे. यंत्र बंद का राहिले याचे कारण एकेका अक्षराने लिहावे लागे. माणूस नव्हता, माल नव्हता, मागणीच नव्हती, वीज नव्हती, दुरुस्ती चालली होती, हत्यार मिळाले नाही, अशी ही कारणे असत. ही यादी वाचताना लक्षात येते की, यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या हाती यांतले जवळजवळ काहीच नाही. टेलरच्या घड्याळाचा रोख कामगाराकडे होता. गँटच्या तक्त्याचा रोख कार्यालयाकडे वळला.

ज्याला आज गँट तक्ता म्हणावे असे रूप त्याला पहिल्या महायुद्धात आले. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा गँट फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी दारूगोळा कारखान्यासाठी आणि पुढे व्यापारी जहाजे बांधणाऱ्या आपत्कालीन महामंडळासाठी काम करू लागला. शेकडो वस्तूंचे परिमाण एकमेकांपासून भिन्न होते. काडतुसे लाखांत, तर तोफा डझनांत मोजायच्या, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून कोणते काम किती मागे आहे हे समजत नव्हते. गँटने यावर काढलेला तोडगा असा की, सर्व गोष्टी वेळेच्या एककात मांडायच्या. तक्त्यावर प्रत्येक दिवसाला सारख्याच रुंदीचे घर द्यायचे, पण त्या घराचा अर्थ 'त्या दिवशी व्हायला हवे असलेले काम' असा घ्यायचा, मग ते काम शंभर नगांचे असो वा दोनशे नगांचे. समजा, एका भागाचे सोमवारी व मंगळवारी प्रत्येकी 100, बुधवारी व गुरुवारी 150 आणि शुक्रवारी व शनिवारी 200 नग व्हायचे आहेत. सोमवारी 75 झाले तर बारीक रेषा त्या दिवसाच्या घराचा तीन चतुर्थांश भाग व्यापते; मंगळवारी 100 झाले तर घर पूर्ण भरते. या बारीक रेषांखेरीज एक जाड रेषा असते आणि ती सुरुवातीपासूनचे एकूण काम दाखवते. शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळून 500 नग झाले असतील तर ही जाड रेषा गुरुवारच्या घराच्या शेवटी थांबते, कारण गुरुवारपर्यंतचे अपेक्षित काम तेवढेच होते. म्हणजे काम दोन दिवस मागे आहे. किती नग कमी पडले हा प्रश्न गौण ठरतो, किती दिवस कमी पडले हे पाहणाऱ्याला थेट दिसते, आणि काडतुसे व तोफा एकाच कागदावर शेजारी ठेवून तोलता येतात. आजच्या तक्त्यात एका कामाला एकच पट्टी उरली आहे, पण या बारीक-जाड रेषांच्या जोडीत जी सूक्ष्मता होती ती त्या पट्टीत नाही, हे मान्य करावे लागेल.

गँट नोव्हेंबर 1919 मध्ये वारला. त्या वर्षीच प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात नफ्याऐवजी समाजाची सेवा हा उद्योगाचा पाया असावा, असा आग्रह आढळतो. तक्त्याला त्याचे नाव मिळाले आणि ते जगभर गेले ते मात्र त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याच्या 1922 सालच्या पुस्तकामुळे, ज्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. गँटचा आणखी एक सहकारी, वॉल्टर पोलाकोव्ह, 1929 ते 1931 या काळात सोव्हिएत संघात सल्लागार म्हणून गेला आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या कारखान्यांत त्याने हे तक्ते रुजवले. मालकांना जाब विचारण्यासाठी अमेरिकी भांडवलशाहीच्या पोटात तयार झालेले साधन, जेथे खासगी मालक उरलेच नव्हते अशा देशाच्या नियोजनाला उपयोगी पडले, यात वाटते तेवढी विसंगती नाही. खोळंबा दोन्हीकडे सारखाच होता.

याच गोष्टीला पोलंडमध्ये एक समांतर पूर्वेतिहास आहे. कारोल अदाम्येत्स्की या अभियंत्याने लोखंड लाटण्याच्या गिरण्यांत काम करताना 1896 साली 'हार्मोनोग्राम' नावाचा तक्ता तयार केला होता. त्यात प्रत्येक क्रियेसाठी कागदाची स्वतंत्र पट्टी असे, त्या क्रियेआधी कोणत्या क्रिया पुऱ्या व्हायला हव्यात याची नोंद तिच्यावरच असे, आणि पट्ट्या सरकवून वेळापत्रक जुळवता येई. कामांचे परस्परावलंबन, जे गँटच्या तक्त्यात दिसत नाही, ते येथे आधीच होते. परंतु अदाम्येत्स्कीचे लेखन पोलिश आणि रशियन या भाषांपुरते राहिले आणि पश्चिमेत त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

एक काम दुसऱ्यावर अवलंबून आहे हे न दाखवण्याची उणीव पुढे दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी भरून काढण्यात आली. 1957 साली ड्यूपाँट या रसायन कंपनीत, रेमिंग्टन रँडच्या गणितज्ञांच्या मदतीने, जी कामे लांबली तर सगळा प्रकल्प लांबतो अशा कामांची साखळी शोधण्याची पद्धत विकसित झाली. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात 'पर्ट' ही तशीच जाळ्याची पद्धत आली. आता गँट तक्ता कालबाह्य होणार असे वाटण्याजोगी परिस्थिती होती, पण घडले उलटे. जाळ्याचे गणित संगणकाने करावे आणि त्याचे उत्तर माणसाला पट्ट्यांच्या रूपात दाखवावे, अशी विभागणी झाली. 1980 च्या दशकात वैयक्तिक संगणकांवर आलेल्या प्रकल्प-नियोजनाच्या प्रणालींनी पट्ट्यांना जोडणारे बाणही काढले आणि हा तक्ता टेबलाटेबलावर पोहोचला.

या प्रवासात खोळंब्याची अक्षरे मात्र गळाली. संगणकावरच्या पट्टीत काम किती टक्के झाले हे रंगाने दिसते, पण तो आकडा बहुधा काम करणाऱ्यानेच अंदाजाने सांगितलेला असतो, आणि काम का थांबले याला पट्टीवर जागा नसते. भारतातील सरकारी बांधकामांत याची भरपाई एका वेगळ्या वहीने होते. कंत्राटदार कामाच्या आरंभी बार चार्ट सादर करतो. त्याखेरीज केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत कामाच्या जागी 'हिंडरन्स रजिस्टर', म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, ठेवली जाते. तीत जागा ताब्यात मिळाली नाही, नकाशे आले नाहीत, खात्याने द्यायचा माल पोहोचला नाही, पावसाने खड्डे भरले, असे अडथळे सुरुवातीच्या व शेवटच्या तारखेसह नोंदवून त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या घेण्याची रीत आहे. मुदतवाढ द्यायची की दंड आकारायचा हा प्रश्न आला, आणि विशेषतः तंटा लवादापुढे गेला, की ही वही आणि तो बार चार्ट शेजारी ठेवून कोणता दिवस कोणाच्या खाती पडतो याचा हिशेब केला जातो. फ्रँकफर्ड आर्सेनलमधला कारकून हे काम एकाच कागदावर आणि त्याच संध्याकाळी करत असे. येथे ते बहुतेक वेळा काम संपून काही वर्षे लोटल्यावर, वकिलांच्या उपस्थितीत होते.